बांधाकडचा भांबुर्डा

८ डिसेंबर, सोमवार

यंत्र पोशीरला उतरलं. टेंपोवाल्याने दुपारीच फोनवर सांगितलं होतं, पण त्याच्या "हो म्याडम, झालं"वर माझा भरवसा नाही, म्हणून ज्यांच्या खाचरात ते चालणार त्या विठूबाबांना विचारलं. ते म्हणाले, "आलं गं. गोठ्यात ठेवलाय. म्हशीला पसंत नाय, बाकी सगळं बेस." तेव्हा पक्कं झालं.

पुढचे दोन महिने माझं सगळं काम या यंत्राभोवती आहे, म्हणून सुरुवातीलाच नीट लिहून ठेवते. टेबलाएवढी, चार चाकांची, बॅटरीवर चालणारी गाडी. पोटाखाली कॅमेरा. पिकाच्या ओळीवरून जाताना खालचं रोप पीक आहे की तण हे ती ठरवते आणि तण असेल तर नेमक्या त्याच रोपावर तणनाशकाचा एक फवारा सोडते. घाटावर कांद्यात आणि सोयाबीनमध्ये ती चालली आहे. भात निघाल्यावर ओलीवर पेरलेल्या वालात पहिल्यांदाच चालणार. ओळखायला ती बरीचशी शिकली आहे. ठरायचंय ते वेगळंच: ओळखल्यावर तिने काय करायचं आणि कोणाला विचारून.

पर्याय तीन. पूर्ण आपोआप: बघ, ठरव, मार. विचारून: शंका आली की थांब, माणसाला विचार, तो सांगेल तसं कर. हाताने: माणूस बटण दाबेल तेव्हाच मार. यातला एक निवडून मी जानेवारीअखेर पुण्याला कंपनीत कळवायचा. शेतकऱ्यांकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्यांत तोच आधीपासून लावलेला असेल. आमचा प्रमुख मिहीर पहिल्या पर्यायाच्या बाजूचा आहे. खरं सांगायचं तर मीही.

९ डिसेंबर, मंगळवार

विठूबाबांना फोनवर सांगून कर्जतहून स्कूटरने निघाले. विठूबाबांचं खाचर गावाच्या टोकाला, उताराच्या कडेला आहे. तीन बाजूंनी साधा बांध आणि चौथ्या बाजूला कंबरभर खाली दुसऱ्याचं खाचर. वाल घोट्याएवढा वर आलाय, आणि तण त्याच्याही पुढे.

विठूबाबा सत्तरीपार, उंच, पांढरी टोपी. मी हेल्मेट काढायच्या आत त्यांनी खाचरातूनच हाक मारली, "आली का गं आसावरी." एवढ्या लांबून. नजर अजून तीक्ष्ण आहे म्हणायची.

आमच्या कंपनीला त्यांनी स्वतः फोन केला होता. रेडिओवर यंत्राबद्दल ऐकलं म्हणे. "रेडिओवर?" मी विचारलं. त्यांच्या बायकोने, गौराबाईंनी, मध्येच उत्तर दिलं, "ह्यांना रेडिओचा नाद. टीव्हीला तोंड दाखवत नाय." गौराबाई बांधावर बसून वालाचं बी निवडत होत्या आणि अखंड बोलत होत्या.

मी टॅबवर तिन्ही पर्याय दाखवले. बाबांनी टॅब हातात घेतला, फिरवून बघितला, परत दिला. "कुटला बरा?"

"पहिला. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही."

"मंग मी इथं काय करायचा?"

"सावलीत बसा."

"सावलीत बसायला शेलूला पोराचा फ्लॅट हाय," ते म्हणाले. "दुसरा लाव. माजं शेत हाय, मला इचारल्याबिगर काय मारायचा नाय."

विचारायची वेळ आली की गाडी थांबते, टॅबवर फोटो येतो आणि बारीक 'टुक्' वाजतं. हे बाबांना आवडलं नाही. "टुक् काय? तोंड दे तिला. बोलू दे."

वाचता येत नसावं, असा माझा अंदाज. विचारायचा संकोच वाटला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गाडीला तोंड मिळालं. आवाज माझाच. काल घरी पंखा बंद करून वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड केली: "थांबले आहे. हे काय आहे? मारू का?" उत्तरासाठी दोन शब्द शिकवले, 'मार' आणि 'राहू दे'. बाबा 'ऱ्हाऊ दे' म्हणतात, तेही तिला कळायला लागलं.

गाडीने पहिल्यांदा "मारू का?" विचारल्यावर गौराबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "कोंबडी कापायचीय जशी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुजा आवाज इकडं पन आन् तिकडं पन. तुज्या नवऱ्याचं कसं होनार गं?" नवरा अजून नाही म्हटल्यावर, "मंग आधी त्याला हीच दाखव."

बाबा गाडीच्या मागून चालतात, एक हात तिच्या दांडीवर ठेवून, नांगरामागे चालावं तसे. दांडी उचलून न्यायला आहे, धरायला नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं आणि हात तिथेच ठेवला.

ती थांबली की ते खाली बसतात, रोप बोटांत धरतात, पान चुरतात, नाकाशी नेतात आणि मग सांगतात. एका थांब्याला फार वेळ जातो. मी म्हटलं, "बाबा, नुसतं बघून सांगितलंत तरी चालेल."

"बगून कोन पन सांगेल," ते म्हणाले.

यात सवयीचा भाग किती आणि तोरा किती, कळत नाही. लव्हाळ्याची दांडी त्यांनी मला फिरवून दाखवली, तिला तीन धारा असतात. मला माहीत नव्हतं. पण माका आणि दुसऱ्या एका खरखरीत पानाच्या झुडपात त्यांचा स्वतःचा गोंधळ झाला, आणि गौराबाईंनी बांधावरून "तो माका हाय वो" म्हणून ओरडून सांगितलं. एवढ्या लांबून त्यांना दिसलं आणि हातात धरून यांना नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

एक कोडं.

या खाचरात भांबुर्डा खूप आहे. राखाडी हिरवी, लवदार पानं, गुडघ्याएवढा वाढतो, चुरला की उग्र वास. आमच्या यादीत तो साधं तण. पण रायगडातल्या कोणाला विचारलं तर आधी पोपटीच आठवेल. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, तोंड पुन्हा भांबुर्ड्यानेच बंद, मडकं उपडं करून भोवती जाळ. तो पाला नसेल तर त्या नुसत्या भाजलेल्या शेंगा. तेव्हा बाबांनी तो सगळा राखला असता तर कोडं नव्हतंच.

पण ते काही ठिकाणी मारायला सांगतात आणि काही ठिकाणी राखायला. आज मी थांब्यांची नोंद काढून खाचराच्या नकाशावर मांडली. मधला सगळा भांबुर्डा 'मार'. ओळींच्या टोकांचा, खालच्या खाचराकडचा, सगळा 'राहू दे'. एकही अपवाद नाही.

"बाबा, कडेचा का ठेवता?"

"पोपटीला लागतो."

"मग मधला का मारता?"

"मधला कशाला ठेवायचा?"

गौराबाई म्हणाल्या, "बाय, चाय घे." आणि विषय संपला. कडेच्या भांबुर्ड्याची चव वेगळी असते का? जमिनीची ओल वेगळी? मिहीरला विचारलं तर म्हणाला, "शेतकऱ्याची उत्तरं विसंगत आहेत, एवढंच लिही." पण विसंगत कुठे आहेत? उलट फारच सुसंगत आहेत. फक्त कशाशी ते मला कळत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

त्यांचा मुलगा कमलेश आला होता. मुंबईत कंपनीत आहे, बायको-मुलांसह शेलूला राहतो. शांत, थकलेला माणूस, वाईट अजिबात वाटला नाही. बाजूला घेऊन मला स्पष्ट सांगितलं, "म्याडम, गेल्या साली वाल तनात बुडाला. मजूर भेटत नाहीत, बाबा ऐकत नाहीत. फार्महाउसवाले खाचर भाड्याने मागतायत. मी बाबांना बोललोय, ह्या वर्षी वाल नीट आला तर परत विषय काढनार नाय. नाय आला तर दोघांनी शेलूला यायचं."

"ते तयार आहेत?"

"शब्द दिलाय त्यांनी. म्हनून तर तुमची गाडी आली."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी चाचणी म्हणून आलेय आणि इथे बाबांनी खाचरच पणाला लावलंय.

कमलेशसमोर त्यांनी गाडी चालवली, आणि आज थांबे झपाझप झाले. गौराबाई मात्र आज नेहमीच्या दुप्पट बोलत होत्या. "लव्हाळा किती माजलाय तो डावीकडं." "आता हराळी आली बग." "ए बाय, त्या दगडाला धडकेल तुजी गाडी." सगळं मला उद्देशून. मी हो हो म्हणत होते.

मध्ये कमलेशने टॅब बाबांपुढे धरला, "बाबा, हे काय लिहिलंय?" गौराबाईंनी तो टॅब चहाच्या कपासारखा अलगद काढून घेतला आणि म्हणाल्या, "आधी जेवा, मंग वाचा." बापाला वाचता येत नाही हे मुलाला ठाऊक असणारच, मग विचारलं कशाला? जेवताना कमलेशच सांगत होता की लहानपणी त्याला धडे बाबांनी वाचून दाखवले. म्हणजे वाचता येतं. मग टॅबचा राग आहे की काय?

३० डिसेंबर, मंगळवार

वाल फुलावर आलाय. मधल्या दोन ओळींत काही रोपांची पानं आकसून गोळा झाली आहेत, रोग असावा. गाडीला शंका आली, तिने विचारलं, बाबांनी एक पान बोटांत धरलं आणि "मार" म्हणाले. गौराबाई "अवो" म्हणेपर्यंत फवारा पडला होता. रोगट असली तरी ती वालाचीच रोपं होती.

बाबा शेजारच्या रोपांची पानं एकेक करून चाचपत राहिले. "रोग पसरला असता," शेवटी म्हणाले. ते खरंही आहे. पण हे कारण त्यांना नंतर सुचल्यासारखं वाटलं.

६ जानेवारी, मंगळवार

मिहीर पुण्याहून आला, मी त्याच्याच गाडीने खाचरावर गेले. बाबांनी मिहीरला हात जोडले आणि माझ्याकडे वळून, "ह्या बाई कोन?" म्हणाले. मी हसले तेव्हा, "आसावरी व्हय. स्कूटर कुटं ठेवलीस?" थट्टा करत होते. मिहीरसमोर थट्टा करावीशी वाटली म्हणजे ते मोकळे झाले आहेत, बरं वाटलं.

मिहीरने थांब्यांची नोंद बघितली आणि कपाळाला हात लावला. "आसावरी, ही गाडी चालते कमी आणि गप्पा मारते जास्त. हे विकायचं कसं?"

त्याचं म्हणणं असं: खात्रीची अट शिथिल कर, भांबुर्डा सरळ 'मारायचा' यादीत टाक, पूर्ण आपोआप चालव, आणि मग सांग किती फरक पडतो. चूक काहीच नाही त्याचं. आणि मला स्वतःलाही बघायचंच होतं की माणूस बाजूला केला तर ती काय करते.

९ जानेवारी, शुक्रवार

बाबा आणि गौराबाई खालापूरकडे गेलेत, गौराबाईंच्या भाचीच्या मुलीचं बारसं आहे. चार दिवस तिकडेच राहणार. जाताना मी बाबांना सांगितलं, गाडी एकदा आपोआप चालवून बघते. ते म्हणाले, "बग. वालाला हात लावू नको म्हनजे झालं." भांबुर्ड्याबद्दल मी बोलले नाही. पोपटीला बाजारातून आणून देईन, असं मनात ठरवलं होतं.

गाडी एकदाही न थांबता गेली. बाबांना जे करायला दिवस लागायचा ते दुपारच्या जेवणाआधी झालं. वालाच्या एकाही रोपावर फवारा नाही, मी ओळ न् ओळ तपासली. शेजारच्या खाचरातून हिरामण बघत होता, त्यालाही हवीय म्हणाला.

खरं तर इथेच पहिला पर्याय निवडून मोकळी व्हावं.

१२ जानेवारी, सोमवार

तण जळून तपकिरी झालंय. फोटो काढले. टोकांना भांबुर्ड्याची वाळलेली खोडं उभी होती, फोटोत वाईट दिसत होती, म्हणून उपटून टाकली. आता बांधापासून बांधापर्यंत नुसता वाल, रांगोळीसारखा. अहवालाचा कच्चा मसुदा लिहायला घेतला.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ घेऊन गेले. अंगणात बाबा खाटेवर बसलेले, डावं मनगट फडक्यात बांधलेलं, गालावर खरचटलेलं. सकाळी एकटेच खाचर बघायला गेले आणि टोकाच्या बांधावरून खालच्या खाचरात पडले. हिरामणने उचलून आणलं.

मी म्हटलं, "बाबा, तिथे तर तुम्ही रोज फिरता."

"बांध कुटं आला समजलाच नाय," ते म्हणाले.

मी तिळगुळाचा डबा हातात धरून उभी. गौराबाईंनी मला मागच्या दारी नेलं. नेहमी एवढं बोलणारी बाई, आज मोजकंच बोलली.

"तू तो भांबुर्डा काढलास ना?"

"हो. फोटोसाठी."

"गुडग्याला लागायचा त्यांच्या. आन् तुडवला की वास येतो. तो आला की थांबायचं, पुढं खड्डा हाय, असं ठरवलेलं आमी. दोन वर्सं झाली."

तरीही मला वाक्य पूर्ण व्हायला हवं होतं. "त्यांना दिसत नाही?"

"उजेड कळतो. मानूस हाय का झाड हाय एवढा कळतो. सकाळी जरा बरं, दुपारी नाय." मग म्हणाल्या, "कमलेशला बोलू नको. तो आजच घेऊन जाईल."

घरी आल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. स्कूटरचा आवाज. दांडीवरचा हात. रेडिओ. गौराबाईंची ती अखंड बडबड, जी मला उद्देशून कधी नव्हतीच. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे इथे, तारखेसकट. कॅमेऱ्याला बघायला शिकवणं हा माझा धंदा.

१६ जानेवारी, शुक्रवार

कमलेश रजा टाकून आला. हात मोडलेला नाही, मुरगळलाय, हे कर्जतच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, तरी त्याने स्वतः परत दाबून बघितला.

"कसे पडलात?"

"पाय घसरला."

"सुक्या बांधावर?"

"म्हातारा झालो रं. म्हातारे घसरतात."

"तेच मी सांगतोय कधीपासून," कमलेश म्हणाला. आवाज चढला नाही, उलट बसला. "वाल चांगला आलाय, मी बगितला. पैज तुमीच जिंकलात. पन उद्या त्या खड्ड्यात पडून राहिलात आन् हिरामण नसला तर? पंचवीसला रविवार हाय, मी येतो, पोपटी लावू, आन् त्याच दिवशी काय ते ठरवू."

तो माझ्याकडे बघत होता. "म्याडम, तुमी रोज असता इथं. तुमाला काय वाटतं, बाबांना झेपतं?"

बाबा माझ्या दिशेला तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "गाडीचं काम त्यांना चांगलं जमतं." खोटं नाही. पण त्याने विचारलं होतं ते हे नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार

आज बाबांशी सरळ बोलले. खाचराच्या वरच्या बांधावर, गौराबाई मध्ये.

"डोळ्यांत धूर बसलाय," ते म्हणाले. "आधी उजव्या, मंग दुसऱ्या."

"मोतीबिंदू असेल. हल्ली ऑपरेशन सोपं असतं. शंभरातले नव्याण्णव लोक दुसऱ्या दिवशी—"

"माज्या थोरल्या भावाचा डोळा गेला त्यात. त्याला पन असंच सांगितलेलं." मग थोडं थांबून, "तुजी गाडी. तूच म्हनतेस ना, तिला पन शंभरात नव्याण्णव खात्री असते. तरी तू तिला थांबून इचारायला लावतेस. का गं?"

"कारण ते एक रोप वालाचं असू शकतं."

"मंग झालं. ते एक मीच निघालो तर?"

उत्तर गौराबाईंनी दिलं. "गाडी थांबते आन् इचारते. तुमी नुसते थांबलाय. दोन वर्सं. इचारा तरी कुनाला."

बाबा हसले. मी त्यांना पहिल्यांदा असं हसताना बघितलं. "सगळ्या सेटिंगा हिनंच करायच्या," ते म्हणाले.

तपासायला तयार झाले. फक्त तपासायला.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी भांबुर्डा लावला. गौराबाईंनी पडीक खाचरातून मुळांसकट आणला आणि आम्ही दोघींनी टोकाच्या बांधालगत रांगेने खोचला, वर पाणी घातलं. हिरामण कमरेवर हात ठेवून बघत होता. "म्याडम, तुमी तन मारायला आल्यात का लावायला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"आता ह्याच्या मदी दुसरं काय नको लावू, वासात वास मिसळला तर मला कळनार नाय," बाबा म्हणाले. ते रांगेवरून पायाने अंदाज घेत चालत होते. दोन झाडांमधली जागा त्यांना जास्त वाटली, तिथे आणखी एक लावायला लावलं.

दुपारी गाडीत तीन बदल केले. ओळीच्या टोकाआधी ती आता माझ्या आवाजात "कड आली" म्हणते आणि थांबते. बांधालगतच्या हातभर पट्ट्यात काय मारायचं हे शेतकऱ्याने एकदा सांगायचं, तोवर ती तिथे फवारत नाही. आणि दांडी धरून चालता येईल अशी केली, वर दोरी गुंडाळून मूठ करून. बाबांनी धरून बघितली. "आता कशी म्हशीच्या शिंगासारखी वाटते."

मी म्हटलं, "गाडी बोलते आता, मग भांबुर्डा नसला तरी चालेल."

"ब्याटरी संपली की तुजं तोंड बंद होतं," ते म्हणाले. "त्याचा वास नाय संपत."

२२ जानेवारी, गुरुवार

कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते जसंच्या तसं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पूर्ण पिकलेला. उजव्याचं आधी करता येईल, आशा चांगली आहे. डाव्याच्या मागे आणखी काही आहे का, हे धूर काढल्याशिवाय सांगता येणार नाही. खात्री किती, असं बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "उजव्याची बऱ्यापैकी. डाव्याची आज नाही देत." बाबांना हे उत्तर आवडलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "ही बरी हाय. शंका असली तर सांगते."

तारीख घ्यायला मात्र तयार नाहीत. "पोराला सांगितल्याबिगर नाय. त्याच्या पाठी लपून दिसायला लागलो तर काय उपेग?"

मी म्हटलं, मी सांगू का? त्यांनी मान हलवली. "माजं शेत, मला इचारून. माजं डोळं, मी सांगून."

२४ जानेवारी, शनिवार

अहवाल पुण्याला गेला, मिहीरने पोचल्याचं कळवलं. मी दुसरा पर्याय निवडलाय: विचारून, आणि बोलून. आपोआप चालवलेल्या दिवसाचे आकडेही दिलेत, ते उत्तमच आहेत, लपवले नाहीत. त्याच्या खाली बाबांचा नकाशा जोडला, मधला भांबुर्डा 'मार', कडेचा 'राहू दे', आणि लिहिलं की ही विसंगती नाही, यामागे कारण आहे आणि ते विचारल्याशिवाय कळलं नसतं. कारण मात्र लिहिलं नाही. ते लिहायचा हक्क उद्यापर्यंत माझा नाही.

मिहीरचा फोन आला. "एका माणसाच्या सवयीसाठी सगळ्या गाड्या थांबवायच्या?" मी म्हटलं, सोमवारी पूर्ण बोलू. तो हो म्हणाला, पण पटल्यासारखं नाही. एक ओळ विचारून आणि एक आपोआप चालवून तुलना मागितलीय, ती करून देईन. कदाचित पहिलाच पर्याय ठरेल आणि कडेचा पट्टा तेवढा टिकेल. तेवढ्यासाठी मी भांडणार आहे.

संध्याकाळी पोशीरला गेले. लावलेल्या भांबुर्ड्यातली काही झाडं माना टाकून आहेत, बाकीची धरली. गौराबाईंनी नवं मडकं धुऊन पालथं ठेवलंय. शेंगा भरल्यात, बाबांनी बोटांनी चाचपून चाचपून तोडल्या, कोवळी एकही नाही. पोपटी झाली की नाही हे इथे बाबाच ठरवतात: तापल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा आणि चुर्र कसं वाजतं ते ऐकायचं. त्याला डोळे लागत नाहीत.

कमलेश उद्या दुपारी येणार. फार्महाउसवाल्याला त्याने सोमवारचा वायदा दिलाय.

"कधी सांगनार त्याला?" गौराबाईंनी विचारलं. "मडकं काढायच्या आधी का नंतर?"

"आधी," बाबा म्हणाले.

शेंगांची पाटी त्यांनी पुढे ओढली, हात आत घालून नुसताच फिरवला.

"नायतर नंतर. तोंडात शेंगा असल्या की त्याला लगेच बोलता येनार नाय."